इंजेक्शननंतरचा अर्धा तास

बोईसरहून दादरला लोकलनं जवळपास दोन तास लागतात. मी सुईतून देते त्या किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. मी गाडीत बसते तेव्हा सायक्लोट्रॉनमधून निघालेला डोस मी उतरेपर्यंत निम्मा झालेला असतो. म्हणून घड्याळ माझ्या नजरेतून सुटत नाही.

आमच्या भागात अणू म्हणजे तारापूर, १९६९ पासूनची वीज. माझ्या वाट्याचा अणू सिरिंजमध्ये मावतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला पेट स्कॅनर आला. मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो, हे तेव्हापासून आपल्याकडे बघता येऊ लागलं.

पण मेंदूचं चित्र यंत्रात शिरण्याआधीच घडून जातं. एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, नेहमीच्या साखरेसारखीच पेशीत शिरते, पण पुढे पचत नाही, तिथंच अडकते. इंजेक्शननंतरच्या अर्ध्या तासात जो भाग जास्त राबतो, तिथं ती जास्त साचते. म्हणून माणूस उपाशीपोटी हवा, रक्तातली साखर तपासलेली हवी, सुई आधीच लावून तिची कळ विसरलेली हवी. मंद उजेड, ना वाचन ना बोलणं. संशोधनात ही शांतता प्रत्येकाला अगदी सारखी मिळावी लागते. नाहीतर दिसलेला फरक आजाराचा की खोलीतल्या गडबडीचा, हे सांगणार कोण?

सुरुवातीच्या काळात सातपाटीच्या एक आजी निरोगी स्वयंसेवक म्हणून आल्या होत्या. डोस दिला आणि त्यांनी विचारलं, "तू कुठली गं?" मी म्हटलं, "बोईसरची." मग पापलेट, वाळवणं, पावसाआधीची लगबग, दहा मिनिटं आम्ही बोलत राहिलो. चित्र दिसायला स्वच्छ आलं. मी लिहिलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. मी नोंद केली आणि स्कॅन अभ्यासातून बाद झाला. स्वतःचा काही फायदा नसताना आजींनी किरणोत्सर्ग अंगावर घेतला होता, आणि तो मी वाया घालवला होता.

आता डोसच्या आधीच मी खुर्ची ओढून बसते. "गाव कुठलं तुमचं?" विचारते आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकते. मग डोस देते, दिवा मंद करते, दार हलकेच लोटून घेते.