ढिलाईचे माप

मीरा-भाईंदर म्हटले की लोकांना लोकलची गर्दी, नया नगरचा बाजार आणि उत्तनचा समुद्र आठवतो. पण या शहराची पूर्वेकडची बाजू ट्रकवाल्यांची आहे. गुजरातकडून येणारा महामार्ग वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडतो आणि तिथून जवळच घोडबंदरचा रस्ता ठाण्याकडे फुटतो. 1989 मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. गुजरातचा माल घेऊन बंदराकडे निघालेल्या गाड्या या फाट्यावर वळतात आणि पुढे गायमुखचा चढ त्यांची परीक्षा घेतो. 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत दहिसरला मुंबईच्या जकातीसाठी रांगा लागत, त्या वेगळ्याच. जिथे गाड्या थांबतात तिथे चहावाला येतो, पंक्चरवाला येतो आणि मागोमाग मिस्त्रीही येतो.

माझे अब्बा असेच एक मिस्त्री. रत्नागिरीकडून आलेले, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. काशिमिऱ्याजवळ त्यांची पत्र्याची शेड होती. इंजिनाचे काम ते सहसा घेत नसत. गाडीच्या मागच्या भागात, म्हणजे जॉइंट, हाऊसिंग आणि डिफ्रन्सलमध्ये त्यांचा हात बसलेला. कंपनीचे इंग्रजी पुस्तक त्यांना वाचता येत नसे. मी दहावीत असताना शब्दकोश मांडीवर घेऊन ते त्यांना वाचून दाखवी आणि ते सांगतील तसे मराठीत वहीत उतरवी. ‘बॅकलॅश’ या शब्दापाशी आम्ही बराच वेळ अडलो होतो. शेवटी अब्बा म्हणाले, “लिही, दातांमधली ढील.”

डिफ्रन्सल हे काय प्रकरण आहे, हे मला त्या वहीमुळे कळले. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली तर वळणावर टायर घासत जातील. इंजिनाची ताकद दोघांनाही द्यायची, पण ज्याला त्याला आपल्या गतीने फिरू द्यायचे, अशी ही रचना. फ्रान्सच्या पेकरने 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. जॉइंट शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन, तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊन ज्या केजवर बसतो त्याच्या पोटात स्टार पिनियन आणि सन गियर. सन गियरमधून दोन ॲक्सल दोन बाजूंच्या चाकांकडे जातात.

1998 च्या पावसाळ्यात बीडकडचा एक ड्रायव्हर आला. गाडी त्याची स्वतःची, पण कर्जावर. क्लच सोडला की मागे ‘खट्’ आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दिला की पुन्हा ‘खट्’. वाटेतल्या एका गॅरेजने त्याला क्राऊन-पिनियन नवे टाकायला सांगितले होते. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. तो म्हणाला, “उस्ताद, हा खर्च केला तर दोन हप्ते चुकतील. मग गाडी ओढून नेतील.”

अब्बा म्हणाले, “भाऊ, आवाज मागून येतो म्हणून दोष डिफ्रन्सलचाच असं नाही. आधी बघू तर.”

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, गियर न्यूट्रल, चाकांखाली पुढून-मागून लाकडी ठोकळे. अब्बा खाली सरकले आणि त्यांनी शाफ्ट हाताने या बाजूला, त्या बाजूला फिरवला. ढील भरपूर होती. पण ती कुठली? आधी यू-बोल्ट पाहिले. ते सैल असतील तर कमानीवर हाऊसिंगच हलते आणि आवाज तसाच येतो. ते घट्ट होते. मग जॉइंटच्या क्रॉसच्या दोन्ही अंगांना एकेक हात. एक अंग फिरले तरी दुसरे क्षणभर जागचे हलेना. क्रॉस गेलेला. पिनियनचे फ्लॅंज वर-खाली हलवून पाहिले. ते हलत नव्हते, म्हणजे पिनियनचे बेअरिंग ठीक.

क्रॉस बदलला. आवाज अर्धा झाला, गेला मात्र नाही.

मग तेल काढले. लोहचुंबकाला राखाडी चिखल लागला तर घाबरायचे कारण नसते, ती रोजची झीज. दाताचा तुकडा निघाला तर मात्र गोष्ट गंभीर. इथे तुकडा नव्हता, पण तेलात पिवळी चमक होती. स्टार पिनियनच्या आणि सन गियरच्या मागे पितळी वॉशर असतात, ते झिजले होते. अब्बांनी शागिर्दांना तिथेच हिशेब समजावला. पिनियनला सहा दात आणि क्राऊनला एकेचाळीस असतील, तर केजच्या पोटातली दोन अंशांची ढील शाफ्टपाशी चौदा अंशांच्या आसपास दिसते. झीज लहान, पण हाताला मोठी लागते. म्हणूनच घाईचा माणूस थेट क्राऊनवर बोट ठेवतो.

केज बाहेर काढण्याआधी त्यांनी क्राऊनच्या दातावर डायल गेज लावले. चार ठिकाणी मोजले. चारही ठिकाणी ढील सारखी, सुमारे 0.40 मिलिमीटर. बेअरिंगच्या टोप्यांवर आणि ॲडजस्टिंग नटांवर पंचाने खुणा केल्या. मग पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला शेंदूर तेलात कालवून दातांवर लावला आणि पिनियन फिरवून ठसा पाहिला. ठसा दाताच्या मध्यावर होता. क्राऊन-पिनियन निरोगी होते.

वॉशर बदलून केज परत बसवताना एक शागिर्द म्हणाला, “चाचा, पुस्तकात तर कमी लिहिलंय. कसून टाकू?”

अब्बांनी त्याचा हात धरला. “पुस्तकातलं माप नव्या जोडीचं. ही जोडी वर्षानुवर्षं एकमेकांना घासून बसलीय. आता जबरदस्तीनं जवळ आणली तर रडत फिरेल. होती तेवढीच ढील ठेव.”

हा मुद्दा मला तेव्हा वहीत लिहून घ्यायला सांगितला गेला आणि तो पुस्तकातल्या कुठल्याही आकड्याइतकाच मोलाचा आहे. नव्या जोडीलाही ढील शून्य ठेवत नाहीत. गाडी तापली की लोखंड फुगते आणि दातांमध्ये तेलाला जागा लागते. ढील अजिबात नसेल तर दात तेलाविना घासून जळतात. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातूनच एकमेकांवर घासून जोडीने येतात, दोघांवर एकच नंबर असतो. त्यातला एक नवा आणि एक जुना टाकून पैसे वाचवू पाहणारा पुढच्या चढावर दोन्ही गमावतो.

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाली. बिल एका क्रॉसचे, वॉशरच्या सेटचे, तेलाचे आणि मजुरीचे. नव्या क्राऊन-पिनियनमध्ये गॅरेजला जे सुटले असते त्याच्या मानाने किरकोळच. मुले थोडी कुरकुरली. अब्बा एवढेच म्हणाले, “जे खराब नाही ते विकून आलेला पैसा मला घरी न्यायचा नाही.” ड्रायव्हरचे हप्ते चुकले नाहीत. पुढची कित्येक वर्षे तो फाट्यावरून जाताना हॉर्न वाजवून जाई.

उतारवयात अब्बांना ऐकू कमी येऊ लागले. तेव्हा कानाचे काम हातावर आणि हाताचे गेजवर आले. 2011 मध्ये ते गेले. शेड आता माझा धाकटा भाऊ चालवतो. हाताखालची मुले कुणी बीड-परभणीची, कुणी उत्तर प्रदेशची. बोली वेगवेगळ्या, पण देवनागरी सगळ्यांना वाचता येते, त्यामुळे माझी ती वही अजून चालते. तिच्या कडा तेलाने काळ्या झाल्या आहेत. पहिल्या पानावर अब्बांनी सांगितलेला क्रम आहे: यू-बोल्ट, क्रॉस, फ्लॅंज, तेल, ॲक्सल आणि सर्वांत शेवटी क्राऊन. नव्या मुलाला पाना हातात मिळण्याआधी हे पान पाठ करावे लागते.