दोन्ही टोके कामाची

पॉम्पेईत घरे उरली आहेत. घरांतले बरेचसे सामान नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. त्यामुळे पॉम्पेईची पायपीट झाल्यावर लोकलने नेपल्स गाठले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली कांस्याची भांडी, दिवे, दौती इथे कपाटांत मांडल्या आहेत. सुरया पाहताना कोल्हापूर आठवलेच. ब्रह्मपुरीच्या उत्खननात असाच रोमन कांस्याचा साठा निघाला होता. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

माझा पाय अडकला तो लेखण्यांपाशी. बारीक सळई, एक टोक अणकुचीदार, दुसरे ठोकून चपटे केलेले. मेण लावलेल्या लाकडी पाटीवर टोकाने ओरखडायचे आणि चुकले की लेखणी उलटी धरून मेण सारखे करायचे. लेखणी आणि खोडरबर एकाच काडीत! सीझरवर हल्ला झाला तेव्हा त्याने अशाच लेखणीने कास्का या हल्लेखोराच्या दंडाला भोसकले, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

ही लेखणी ओठांशी धरलेली एक तरुणी इथल्या भित्तिचित्रात आहे. लोकांनी तिला ग्रीक कवयित्री सॅफो करून टाकले. खरे तर ती पॉम्पेईतली कुणी सधन बाई असावी. लेखणीचा खरा राबता हिशेबात. केसिलियस जुकुंडस या लिलाव करणाऱ्या सावकाराच्या घरात १८७५ मध्ये दीडशेहून अधिक पाट्या सापडल्या, बहुतेक पावत्याच. मेण गेले होते, पण लिहिणाऱ्याने जोर दिला तिथे लाकडावर ओरखडे उमटले होते. त्यांवरून व्यवहार वाचता आले.

शेजारच्या वैद्यकीय हत्यारांतही तीच युक्ती दिसते. सळईच्या एका टोकाला जखम चाचपायची गुळगुळीत गाठ, दुसऱ्या टोकाला मलम कालवायची पट्टी. स्क्रू फिरवून उघडणारे स्त्री-तपासणीचे यंत्र तर आजच्या डॉक्टरलाही ओळखीचे वाटावे.

सर्वांत चतुर मात्र दांडीचा तराजू. दांडीच्या एका बाजूला हलक्या वजनांच्या खुणा, दुसऱ्या बाजूला भारी. जड माल आला की दांडी उलटी करून दुसऱ्या आकड्याला टांगायची. दांडीवर सरकणारे वजन पुष्कळदा एखाद्या देवाच्या डोक्याच्या घडणीचे. पण देवाच्या भरवशावर कोणी राहत नसे: पॉम्पेईच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, सरकारी मापांचा दगडी ओटा होता, आणि ऑगस्टसच्या काळात त्याचे खळगे रोमच्या मापांशी जुळवून घेतले गेले.