शिटीवांचून स्वयंपाक

प्रेशर कुकरच्या शिटीला आपल्या महाराष्ट्रीय घरांत जें स्थान प्राप्त झालें आहे, तें देवघरांतील घंटेच्या खालोखालचें म्हणावयास हरकत नाहीं. डाळीला तीन, बटाट्यांना दोन, चण्यांना पांच-सहा, हा हिशेब कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकांतून नव्हे, तर सासूकडून सुनेकडे आला. वास्तविक शिटी हें वेळेचें माप नव्हे. ज्योत मोठी असली कीं तीन शिट्या पांच मिनिटांत होतात, बारीक असली तर पंधरा मिनिटें लागतात. तरीही जिचा कान तयार आहे त्या गृहिणीचें वरण बिघडत नाहीं. कारण ती नुसत्या शिट्या मोजीत नसते, दोन शिट्यांमधील फुसफुसही ऐकत असते. हें सारें ज्ञान कानांत असतें. ज्या दिवशीं कान जातात त्या दिवशीं त्या ज्ञानाचें काय होतें, हा प्रश्न आमच्या मनांत साताऱ्याच्या घरचा प्रकार पाहीपर्यंत कधीं उद्भवला नव्हता.

आमचें मूळ घर साताऱ्यास. नोकरीच्या निमित्तानें बिऱ्हाड मात्र गेलीं कित्येक वर्षें सांगलीस आहे. साताऱ्यास थोरले बंधु, वहिनी, त्यांचे चिरंजीव, सूनबाई, नातू, आणि ऐशी ओलांडलेल्या आमच्या काकू असा परिवार आहे. आपल्या देशांत शिटीचे कुकर १९५९ च्या सुमारास तयार होऊं लागले. काकू लग्न होऊन आल्यावर थोड्याच वर्षांनीं तो आमच्या घरांत शिरला, आणि तेव्हांपासून तो त्यांच्याच हुकमतींत राहिला. पण तीन-चार वर्षांपूर्वीं त्यांना ऐकूं कमी येऊं लागलें. कानांत घालावयाचें यंत्र आणलें. त्यांतून माणसाचें बोलणें थोडें आणि भांड्यांचा कल्लोळ फार येतो, म्हणून त्यांनीं तें डबींत ठेवून दिलें. पुढें एके दिवशीं कुकरमधील पाणी आटलें, डाळ कोळसा झाली व सेफ्टी व्हॉल्व उडाला. कोणाला इजा झाली नाहीं. पण त्यानंतर सूनबाईनें फार गोड शब्दांत सांगितलें, "काकू, आतां तुम्ही नुसतें बसून सांगा, मी करतें."

काकू कांहीं बोलल्या नाहींत. ओसरीवर बसून त्या भाजी निवडूं लागल्या. मात्र "आज काय करायचं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न त्या दिवसापासून घरांत कोणी ऐकला नाहीं, आणि त्यांचें जेवण निम्म्यावर आलें. डॉक्टरांना त्यांच्या प्रकृतींत दोष सांपडेना.

अशा स्थितींत गेल्या वर्षीं पुतण्यानें पुण्याहून विजेचा कुकर आणला. भात, डाळ, वाफवणें, परतणें, दहीं लावणें, मंद शिजवणें, गरम ठेवणें असे सात-आठ उद्योग एकट्यानें करणारें हें पात्र! अंगावर इतकीं बटणें कीं वहिनींनीं त्याला 'अष्टावधानी' असें नांव ठेवून ओट्याच्या कोपऱ्यांत बसविलें. महिनाभर त्याच्यावर फडकें होतें.

त्याच्या आंत चालतें तें असें. तळाशीं विजेनें तापणारी तबकडी, तिच्यावर काढतां येणारें भांडें, आणि वर रबरासारखें कडें बसविलेलें झांकण. वाफ कोंडली कीं झांकणांतील एक लहानशी खुंटी वर येते. ती वर असेपर्यंत झांकण उघडत नाहीं. दाब ठरलेल्या मर्यादेला पोंचतांच विजेचा प्रवाह आपोआप तुटतो, दाब उतरूं लागला कीं पुन्हां जुळतो. त्यामुळें शिटी वाजवून जादा वाफ बाहेर टाकण्याची त्याला गरजच पडत नाहीं. शिटीच्या कुकरमध्यें उष्णता सुमारें १२० अंशांपर्यंत जाते. विजेच्या बहुतेक कुकरमध्यें दाब थोडा कमी, म्हणून उष्णताही कांहीं अंशांनीं कमी, आणि डाळीला मिनिटें थोडीं अधिक. विकणारे 'दहा मिनिटांत डाळ' म्हणून सांगतात तेंही पुरतें खरें नव्हे. दाब येईपर्यंतचीं दहा मिनिटें व तो उतरेपर्यंतचीं दहा-पंधरा मिनिटें ते हिशेबांत धरीत नाहींत.

कल्पना म्हणाल तर ती जुनीच आहे. डेनिस पापिन नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें वाफ कोंडून शिजविण्याचें पात्र १६७९ त तयार केलें, आणि १६८२ त लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विद्वानांना त्यांतलें जेवणही घातलें. चुलीजवळ बसून राहावें लागूं नये ही दुसरी कल्पना तर आपल्याच देशांत रुजलेली आहे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं काढलेला इकमिक कुकर, तळाशीं कोळसा व वर डब्यांची चळत, एकदां लावला कीं त्याच्याकडे पाहावें लागत नसे. विजेच्या कुकरनें या दोन कल्पनांचें लग्न लावलें, एवढेंच.

तर एके दुपारीं काकूंनीं विचारलें, "अग, ह्याची शिटी कशी वाजते?"

सूनबाई कानाशीं तोंड नेऊन म्हणाली, "काकू, याला शिटीच नाहीं."

"मग शिजलं हें तुला कसं कळतं?"

"ही खुंटी खालीं पडते. पडली कीं उघडायचं."

काकूंनीं खुंटी बोटानें वरखालीं करून पाहिली आणि म्हणाल्या, "हें बरं आहे."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं आपली पितळी वाटी फळीवरून खालीं काढली. पहिला भात पचपचीत झाला. वाफ बाहेर जात नाहीं म्हणून पाणी कमी लागतें, हें सोबतच्या पुस्तिकेंत बारीक अक्षरांत छापलेलें होतें. काकूंनीं तें भातावरून ओळखलें व पाणी पाव वाटीनें कमी केलें. दोन बटणांपलीकडे त्यांनीं कशाला हात लावला नाहीं. फोडणी लोखंडी पळींतच. दह्याचें बटण मात्र सूनबाईच्या उपयोगीं पडलें. साताऱ्याच्या थंडींत दहीं लागत नाहीं ही तक्रार तेवढी मिटली. दोन-चार दिवस सूनबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता, ती स्वयंपाकघराच्या दारांत उभी राही. मग तिनें उभें राहणें सोडलें. तिचें हें सोडणें आम्हांस त्या यंत्राहून मोठें वाटतें.

एका गोष्टींत मात्र सर्वांनींच सावध असावें. साताऱ्याकडे कोरेगांव भागांतला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, आणि त्याची उसळ ही काकूंची खासियत. मंद शिजवण्याचें बटण पाहून वहिनींना वाटलें, रात्रीं घेवडा घालून निजावें, सकाळीं उसळ तयार. घेवडा, राजमा या जातीच्या दाण्यांत लेक्टिन नांवाचें एक द्रव्य असतें. दाणे अर्धकच्चे राहिले तर तें कांहीं तासांतच उलट्या-जुलाब घडवितें, आणि उकळी न फुटणाऱ्या मंद आंचेवर तें नष्ट होत नाहीं. दाणे रात्रभर भिजवावे, तें पाणी ओतून द्यावें, आणि नव्या पाण्यांत दाबाखालींच शिजवावे. काकूंना लेक्टिन ठाऊक नाहीं. पण भिजवलेलें पाणी त्या पूर्वींपासून तुळशीलासुद्धां न घालतां मोरींत ओततात.

सांगलीस आम्हीं अद्याप हा कुकर घेतलेला नाहीं. कोयनेचें कांहीं पाणी सह्याद्रीपलीकडे पोफळीस उतरून वीज देतें, आणि उरलेलें कऱ्हाडास कृष्णेला मिळून आमच्याकडे येतें. २०१९ च्या ऑगस्टांत तें इतकें आलें कीं आमच्या गल्लींत कित्येक दिवस वीज नव्हती. शेजारच्या चार कुटुंबांसह आम्ही माडीवर होतों. गॅसवरचा जुना कुकर होता म्हणून मुलांना ऊन खिचडी मिळाली. तो अडगळींत टाकण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

साताऱ्यासही तो टाकलेला नाहीं. विजेचें पात्र सहा लिटरचें. रोजच्या सात माणसांना पुरतें, पण गौरींच्या जेवणाला तीस पानें असतात. तेव्हां माळ्यावरचा मोठा कुकर खालीं येतो. मसाल्याच्या डब्यापाशीं काकू बसतात, दारांत नातवाला बसवितात, आणि शिटी झाली कीं तो काकूंसमोर एक एक बोट वर करतो. गेल्या भाद्रपदांत त्यानें तिसरें बोट वर केल्यावर काकूंनीं मान हलविली व आपलें चौथें बोट दाखविलें. डाळ यंदाची जून होती.