शरणपूरचा वर्ग

आमच्या सोनपेठ तालुक्यात खडक्याच्या बंधाऱ्याशी गोदावरीचे पाणी अडते. तिथून ते परळीच्या वीज केंद्राला जाते, काठच्या उसाला जाते. चैत्र-वैशाखात मात्र पात्रात वाळू आणि वेड्या बाभळीच जास्त दिसतात. जुनी माणसे तिला गंगाच म्हणतात. ती त्र्यंबकहून येते, नाशकावरून येते, एवढे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असते. नाशिक म्हटले की त्यांना रामकुंड आठवते, कुंभमेळा आठवतो. मला मात्र अलीकडे नाशिक म्हटले की एक शाळा आठवते. ती शाळा मी पाहिलेली नाही, पाहणे शक्यही नाही; ती बंद होऊन दीडशे वर्षे होत आली. तरी या नदीकाठी बसलो की तिच्यातली मुले माझ्या शेजारी येऊन बसतात.

शरणपूर ही नाशिकची तेव्हाची बाहेरची वस्ती. विल्यम साल्टर प्राइस या चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्रीने १८५४-५५ च्या सुमाराला ती वसवली. आज शरणपूर रोडवर दवाखाने आहेत, दुकाने आहेत, सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या आहेत. तेव्हा तिथे एक ख्रिस्ती गाव होते, शेती होती, कारखाने होते आणि शाळा होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली अरबी गलबते इंग्रजी आरमार समुद्रात अडवत असे. सुटलेल्या माणसांना कुठे न्यायचे, हा प्रश्न पडे. त्यांतल्या बऱ्याच जणांना मुंबईला आणत. घर किती दूर, गाव कोणते, आईबाप जिवंत आहेत की नाहीत, यातले काहीच नीट सांगता न येणारी लहान मुले त्यांत असत. १८६० नंतर अशी अनेक मुले घाट चढून नाशिकला आली. या आश्रयाला ‘आफ्रिकन असायलम’ असे नाव पडले.

इथे इंग्लंडातल्या मिशन शाळेचा अभ्यास होता: बायबल, वाचन, लेखन, गणित, भूगोल. त्याला जोड सुतारकामाची, लोहारकामाची. धडे इंग्रजीचे होते, आणि कानावर मराठी-हिंदुस्तानी पडतच होती. न्यासा सरोवराकडून आलेल्या याओ जमातीच्या मुलाने भूगोलाच्या तासाला नकाशावर आफ्रिका पाहिली असेल, तेव्हा त्याचे बोट कुठे गेले असेल? त्या नकाशावर त्याच्या गावाच्या जागी कोरा कागदच असणार. त्याच कोऱ्या जागेच्या शोधात युरोपातली माणसे तेव्हा निघाली होती, आणि वर्गातल्या बाकावर बसलेला मुलगा तिथूनच आलेला होता. त्याला कुणी विचारले असेल का?

मी या शाळेला दोष द्यायला बसलेलो नाही. ज्या मुलांना बाजारात विकले असते, त्यांना तिने पोटभर जेवू घातले, हाताला हुन्नर दिला, अक्षर दिले. हे लहान काम नव्हे. पण नावांपाशी आलो की मी अडखळतो. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. आडनावे कुणाची, तर काही थेट मिशनऱ्यांचीच. मूळची नावे बहुतेकांची गेली. आमच्या मराठवाड्याला ही गोष्ट अनोळखी नाही. इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा एक मुलगा असाच विकला गेला, हातोहाती दख्खनेत आला आणि मलिक अंबर झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद. निजामशाही पेलणाऱ्या त्या वजिराची जमीनमहसुलाची रीत आमच्या शिवारातले जाणते लोक अजून सांगतात. त्याच्या आईने त्याला हाक मारली ती चापू म्हणून.

शरणपूरच्या मुलांची कीर्ती झाली ती आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळे. १८६५ साली तो मुंबईला आला आणि आपल्या शेवटच्या सफरीसाठी त्याने नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण निवडले. जंगलात, तापात, उपासात त्यांतले काही टिकले, काही पळाले, काहींवर तो रागावला. मग १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी सहा नाशिककर गेले. जेकब वेनराइट, कॅरस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांच्यात होते. १ मे १८७३ ला चितांबोच्या गावात, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या सोबत्यांनी ठरवले की देह त्याच्या माणसांकडे पोचवायचा. चुमा आणि सुसी त्यांचे पुढारी होते. त्यांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले. जेकबने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. मग उन्हात सुकवलेला तो देह सालीत नि कापडात गुंडाळून ही माणसे महिनोन् महिने, हजार मैलांवर चालत राहिली आणि १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्याला लागली. जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो उभा होता. गोदावरीच्या काठी अक्षर गिरवलेला मुलगा!

खोडावर अक्षरे कोरायला लागणारे दोन्ही गुण, लिहिणे आणि लाकूड ओळखणे, शरणपूरच्या शाळेत शिकवले जात होते. हे वाचले तेव्हा माझा ऊर भरून आला होता. जेकबने त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली, कॅरस फरारनेही हकीकत लिहून ठेवली. म्हणून ती यात्रा केवळ गोऱ्या साहेबाच्या मोठेपणाची राहिली नाही. चालणाऱ्याच्या हातची साक्ष तिला मिळाली. शाळेचे हे ऋण कुणीही नाकारू नये.

आणि तरीही. ती रोजनिशी इंग्रजीत आहे. रात्री शेकोटीपाशी जेकबने कुठल्या भाषेत उसासा टाकला असेल, ते तीत नाही.

सोनपेठहून थोडेच पुढे, याच नदीवर गंगाखेड आहे. तिथली एक लहान मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी राहिली आणि दळणकांडण करत वाढली. स्वतःला ती दासी म्हणवत राहिली. पण त्या घरात जे गायले जात होते ते तिच्याच बोलीतले होते. म्हणून जनाबाईंचे जाते बोलू लागले, शेणगोवऱ्या बोलू लागल्या, विठ्ठल तिच्याजवळ येऊन बसला. परक्या घरी वाढलेल्या मुलीला आपला आवाज सापडतो, तो असा. शरणपूरच्या मुलांना जाते मिळाले, पीठ मिळाले. ओवी मात्र दुसऱ्याची मिळाली. मराठी ख्रिस्ती मंडळींना पुढे नारायण वामन टिळक भेटले. त्यांनी येशूला अभंगात आणले, कीर्तनात आणले, आणि लेकुरवाळ्या बायकांच्या ओठी प्रार्थना आपलीशी झाली. याओ, माकुआ अशा जमातींच्या मुलांसाठी नाशकात असा कुणी टिळक नव्हता.

याचा परिणाम त्यांना पुढे भोगावा लागला. १८७५ मध्ये प्राइसनेच मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही वसाहत उभारली आणि नाशिकची बरीचशी मंडळी तिकडे गेली. शरणपूरचा आसरा संपला. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. आपल्याच खंडात ते अर्धे परके ठरले: पोशाख वेगळा, बोलणे वेगळे. तरी त्यांनी तिथे शाळा चालवल्या, चर्चमध्ये उपदेश केला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८८५ मध्ये पाद्री झाले. ज्यांना कुणी विचारले नव्हते, ते आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते.

हे सगळे आठवायचे कारण आमच्या भागातले बंजारा तांडे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात, त्यात मुलेही जातात. जी मागे राहतात, आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात, ती शाळेत येतात. घरी गोरमाटी बोली, शाळेत मराठी, आणि आता पालकांना हवी असलेली इंग्रजी. पहिलीतल्या मुलाला पाणी मागायला गोरमाटीच शब्द सुचतो, आणि तो बाईंकडे बघून गप्प राहतो. त्याच्या गप्प बसण्याला आपण मंदपणा समजतो, हे मला सहन होत नाही. होळीला त्याची आई तांड्यावर लेंगी गाते. तिच्यात पिढ्यान् पिढ्यांची वाट चालून आलेली आहे. ती लेंगी एकदा वर्गात म्हणू द्यावी, फळ्यावर देवनागरीत लिहावी, मग तिच्यातूनच अक्षरे शिकवावी. असे करणारे शिक्षक आमच्याकडे आहेत; ते थोडे आहेत, पण आहेत. त्यांच्या वर्गात मुले मोठ्याने हसतात आणि चुकायला घाबरत नाहीत. इंग्रजी शिकू नये असे मला म्हणायचे नाही. शिकावी, खूप शिकावी. जेकबच्या हाती ती नसती तर आपल्याला काय कळले असते?

जेकब १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र दीर्घायुषी ठरला. त्याचे मूळ नाव चेंग्विंबे होते, आणि ते टिकले. मोंबासाला तो १९३५ पर्यंत होता. त्या काळात मुंबईहून मोंबासाला आगबोटी जात होत्या, कारकून जात होते, व्यापारी जात होते. त्यांतला एखादा मराठी माणूस त्याच्या दारी गेला असता, तर त्या म्हाताऱ्याला मराठीतला एखादा तरी शब्द ओळखू आला असता, असे मला मनापासून वाटते. मी असतो तर त्याला लिव्हिंग्स्टनबद्दल विचारले नसते. ते सगळ्यांनी विचारले होते. मी म्हणालो असतो, चेंग्विंबेबाबा, नाशकाला असताना तुम्ही पोरंपोरं रात्री एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होता, आणि तुमच्या आईचं एखादं गाणं आठवतं का?