मैनेची बोली

जतला यायचे म्हणजे सांगली-मिरजेचा ऊस मागे टाकावा लागतो. कवठेमहांकाळ सुटले की हिरवा रंग विटत जातो आणि मग माळ लागतो. नव्या पाहुण्याला वाटते, एस. टी. रस्ता चुकली! ‘जत रोड’ नावाचे रेल्वे स्टेशन आहे खरे, पण ते जतमध्ये नाही. त्या नावावर विसंबून जो उतरतो, त्याला मग पुष्कळच ‘रोड’ तुडवावा लागतो.

डफळे सरकारांची ही संस्थानी राजधानी 1948 साली विलीन झाली. पुढे आम्ही दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलो आणि 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. एवढी नावे बदलली, पण बाजारातली भाषा काही बदलली नाही. इथे वाक्य मराठीत सुरू होते आणि कानडीत संपते. भाव मराठीत सांगतात, घासाघीस कानडीत करतात, आणि सौदा फिसकटला तर दोन्ही भाषा एकदमच कामाला येतात. माडग्याळची मेंढी विकत घ्यायला आलेला घाटावरचा माणूस या माऱ्यापुढे पार गोंधळून जातो.

अशा गावात मी मराठी शिकवतो. आणि वर्गात लाल बावटा कलापथकाचा धडा आला, की मला आमच्या तात्यांची आठवण होते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. 1955 च्या सुमारास परळच्या एका गिरणीत ते बदली कामगार म्हणून लागले. एका खोलीत दहा-बारा माणसे, खानावळवाल्या बाईकडे जेवण, आणि रात्री कामगार मैदानावर किंवा चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत शाहिरांचा कार्यक्रम. 1982 च्या संपानंतर ते पत्र्याची ट्रंक घेऊन जतला परत आले, ते कायमचेच. मी तेव्हा पोर होतो. पुढे कॉलेजात गेल्यावर ओसरीवर त्यांच्याजवळ बसून मी जे ऐकले, ते एम. ए. च्या कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

हे कलापथक 1944 साली उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन खांब. अण्णाभाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोरवयात वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेली. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. कम्युनिस्ट पक्षाचे हे पथक कोणाची भीडभाड ठेवीत नसे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. तमाशालाच बंदी म्हटल्यावर अण्णाभाऊंनी त्याला ‘लोकनाट्य’ हे नाव दिले आणि खेळ चालू ठेवला! गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, कामकरी माणसे आणि हुतात्मे आले, गौळणीला रजा मिळाली, आणि पाटील-सावकार-पुढारी मंडळींची फजिती मात्र पोटभर राहिली. आज सगळीकडे रूढ झालेला शब्द असा अडचणीतून जन्माला आला.

तात्या सांगत, “अमर शेखांनी पहिली तान फेकली की रातपाळी करून माळ्यावर झोपलेला माणूससुद्धा उठून बसायचा.” त्यांच्या या आठवणीत मीठमसाला थोडा असेलच, पण आवाजाबद्दल दुमत कोणीच केलेले मला आढळले नाही. त्या गाण्यांत रशियाबद्दल जी भाबडी भक्ती आहे, ती मात्र माझ्या गळी कधी उतरली नाही. तसे म्हटले की तात्या अडकित्ता खाली ठेवून माझ्याकडे नुसते पाहत. वाद घालण्यापेक्षा ते फार परिणामकारक होते.

त्यांची खरी आवडती रचना म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको. गिरणगावात हे दुःख घरोघरचे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंनी तिला असे वळण दिले, की ती ताटातूट बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची झाली. बायकोच्या विरहाच्या वाटेने राजकारण गिरणीकामगाराच्या काळजात शिरले. राज्याच्या सीमेवर पुष्कळ ग्रंथ झाले, समित्या झाल्या. हे काम त्यांपैकी एकालाही साधलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी हे सारे मी मोठ्या रंगात येऊन वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरची उमदीकडची एक मुलगी उभी राहिली. घरी कानडी, शाळा मराठी. ती म्हणाली, “सर, त्या मैनेला कानडी येत असेल तर ती कुणाची?”

वर्ग हसला. मी हसलो नाही.

कारण प्रश्न तिच्या घरचा होता. 1956 पर्यंत विजापूर आणि जत एकाच मुंबई राज्यात होते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला विजापूर, बेळगाव, धारवाड म्हैसूरकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. मराठी माणसे तिकडे अडकली हे आपण साठ-सत्तर वर्षे बोलतो आहोत, आणि ते बोललेच पाहिजे. पण सोयरिकी विजापूरकडे, दवाखाना विजापूरला आणि सातबारा सांगली जिल्ह्याचा, अशी माणसे आमच्या पूर्व भागात गावोगाव आहेत. 2012 मध्ये पाण्यासाठी कंटाळून काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तीच गावे पुन्हा उकरून काढली, तेव्हा कॅमेरे घेऊन इतकी माणसे आली की एवढे टँकर उन्हाळ्यात कधी आले नव्हते! म्हातारी माणसे त्यांना एकच सांगत होती, आधी म्हैसाळचे पाणी द्या, मग कुठे राहायचे ते विचारा.

मुलीला मी तेव्हा एवढेच म्हणालो, की अण्णाभाऊंनी हे नाते राज्याच्या नकाशावरून नव्हे, चुलीवरून मोजले. तूही चुलीवरूनच मोज. तिला ते पटले की नाही, चेहऱ्यावरून कळले नाही.

कलापथकातल्या दोघांचा शेवट विलक्षण जवळजवळ झाला. अण्णाभाऊ 18 जुलै 1969 ला गेले, वय अवघे 48. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. तात्या ही तारीख सांगताना दर वेळी बोटे मोजत.

गेल्या ऑगस्टात विद्यार्थ्यांना घेऊन मी वाटेगावला गेलो. जत ते वाटेगाव म्हणजे जिल्ह्याचे एक टोक ते दुसरे टोक. ऊस लागला तशी आमची पोरे खिडकीला चिकटली. एवढे पाणी काहींनी कालव्यात प्रथमच पाहिले. परतीच्या वाटेवर अंधार पडला आणि गाणी सुरू झाली. ‘मैना’ आली. दुसऱ्या कडव्यापाशी त्या उमदीच्या मुलीने चाल तीच ठेवून शब्द कानडी केले. आमचा ड्रायव्हर मूळचा संखचा. त्याने गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला, “बाई, ते पुन्हा एकदा म्हणा.”