गाठीजवळचा डोळा

सप्टेंबर लागला की माझ्या टेबलावर काड्यांच्या जुड्या येऊन पडतात. कुणी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतं, कुणी वर्तमानपत्रात. नान्नज, कासेगाव, बार्शीकडचे बागायतदार. काम एकच, डोळे तपासून द्या. द्राक्षाच्या काडीवर दोन पेरांच्या सांध्याला जो डोळा असतो तो ब्लेडने कापायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि आत घड आहे का ते सांगायचं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, व्हायची असते, घड बाहेर पडायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे जाणार असतात. पण डोळ्यात तो असतो किंवा नसतो, एवढं तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

"काय म्हणतोय माल, सर?" मालक विचारतात. गोडी छाटणीची कात्री माल देत नाही, एप्रिलनं जे ठेवलंय ते फक्त उघडते, हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

डोळा वरून एक दिसतो, आत तीन असतात. मधला मुख्य, बाजूला दोन राखीव. घड बहुधा मुख्यात. तो मेला तर राखीव फुटतात, वेल हिरवीगार दिसते आणि घड शोधत फिरावं लागतं. पानाच्या बरोबर समोर, सांध्याच्या दुसऱ्या अंगाला बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, येते. बागेत जाऊन मोजून बघा: एका सांध्याला बाळी, पुढच्याला बाळी, तिसरा मोकळा, परत दोन बाळ्या. झाडांची अशी स्वतःची मोजणी असते.  

तर बाळी. बाळी आणि घड एकाच अंकुराची दोन रूपं. कोवळ्या डोळ्यात तो अंकुर धरतो तेव्हा त्याचं काहीच ठरलेलं नसतं. ऊन भरपूर आणि वाढ संयमात असेल तर त्याला फाटे फुटत जातात आणि घड होतो. सावली, नत्राचा मारा, शेंड्याचा बेफाम जोर असला की त्याची बाळी होते. झाडातलं सायटोकायनिन त्याला घडाकडे ओढतं, जिबरेलिन बाळीकडे. हा निकाल साधारणपणे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत लागतो. छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली तर हे दिवस मेच्या उत्तरार्धातल्या लख्ख उन्हात येतात. महिनाभर लांबली तर जूनच्या ढगांत. पण सोलापुरात एप्रिलमध्ये छाटायचं तर मेमध्ये पाणी हवं, आणि विहीर तळाला गेलेल्या माणसाला मी कॅलेंडर दाखवण्यात काय अर्थ? टँकरचा हिशेब त्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो.

शेंड्याचा जोर मोडायचा उपाय म्हणजे सबकेन. नव्या फुटीला आठ-नऊ पानं झाली की सहा-सात पानांवर शेंडा मारायचा. शेंड्याचा धाक गेला की वरचा डोळा फुटतो आणि तीच काडी पुढे चालते. जोडावर गाठ पडते. जोर मोडलेल्या या गाठीच्या आसपासचे डोळे घड धरायला चांगले. थॉमसन जातीच्या काडीचे बुडाचे डोळे बहुधा रिकामे निघतात. नान्नजच्या नानासाहेब काळेंनी निवडलेली सोनाका जात थॉमसनमधूनच आलेली, तिचंही तेच. शेजाऱ्यानं चार डोळे ठेवले म्हणून आपणही चार ठेवले, असं करणाऱ्याचा हंगाम काड्या मोजण्यात जातो.

माझीही एकदा चूक झाली. एका बागेची जुडी आली, डोळे भरलेले निघाले, मी बिनधास्त सांगितलं, गाठीच्या पुढे एक डोळा ठेवून छाटा. पुढच्या ओळींत घड लागले, मागे, जिथे मांडव दाटला होता, तिथे नुसत्या बाळ्या. काड्या सगळ्या पुढच्या ओळीतल्या होत्या, आणि कुठून तोडल्या हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मालक भांडायला आले नाहीत. माझ्याच खुर्चीसमोर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, ऊन एका बाजूचंच होतं."

पुढच्या सप्टेंबरला ते आले तेव्हा चार जुड्या होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची सुतळी. पूर्वेकडची, रस्त्याकडची, विहिरीजवळची आणि मांडवाखालची. चौथीच्या गाठीजवळचे डोळे कापून बघितले, तर दहातल्या सहांत घड. मी त्या बाजूच्या ओळी आत्ताच छाटू नका म्हणालो, आधी मांडव विरळ करा, काडी पिकू द्या. त्यांनी सुतळीच्या गाठी नखानं सोडवल्या, रंग लक्षात राहावेत म्हणून चारही तुकडे खिशात घातले आणि उरलेल्या काड्या माझ्या टेबलावरच ठेवून गेले.