ज्याचे त्याचे नऊ व्होल्ट

आमच्या गोडदेवच्या घरात विजेला तोटा नाही. तोटा आहे तो भिंतीतल्या भोकांना. हॉलमध्ये दोनच पॉइंट आहेत. एकावर टीव्ही आणि दुसऱ्यावर डास पळवायचे यंत्र. अशा भरल्या घरात आमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या पगारातून गिटारची पाच पेडल्स आणली.

पेडल म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे पायपेटी आणि सौ.चे शिलाई मशीन एवढेच येते. हे निघाले टिफिनच्या एका डब्याएवढे रंगीत डबे. गिटारची वायर यांच्यातून जाते आणि पायाने बटण दाबले की आवाज बदलतो. एक डबा गिटारचा घसा बसवतो, दुसरा तिला तेच तेच चारदा बोलायला लावतो, तिसरा तिला थेट देवळाच्या गाभाऱ्यात नेऊन उभी करतो.

"घसा बसवायला पैसे कशाला? पावसाळ्यात सकाळी आठ वाजता भाईंदर स्टेशनवर उभी कर," मी म्हणालो.

त्यावर चिरंजीवांनी मला इतिहास सांगितला. घसा बसवणारा डबा अमेरिकेत १९६२ साली विकायला आला आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सनी 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये वाजवून तो जगभर केला. मी गप्प बसलो. हल्ली आमचे बोलणे बेताचेच होते. त्यांचे लग्न ठरले होते, आणि लग्नानंतर मीरा रोडला वेगळी जागा भाड्याने घ्यावी, असे त्यांनी दिवाळीत एकदा सुचवले होते. मी तेव्हा पेपर वाचत होतो. पुढचे दोन महिने मी पेपरच वाचत राहिलो.

तर, या डब्यांना नऊ व्होल्टची वीज लागते. चौकोनी बॅटरी घालता येते; तीच, जी लहानपणी आपण जिभेला लावून तपासायचो. पण पाच डब्यांच्या पाच बॅटऱ्या, आणि नेमकी गाण्याच्या मध्यात मान टाकणार. "अडॅप्टर घ्यायला हवा," चिरंजीव म्हणाले.

अडॅप्टर! माझा चेहरा उजळला. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकंदर अकरा अडॅप्टर आहेत. त्यांची मूळ यंत्रे केव्हाच भंगारात गेली, पण मध्यमवर्गीय माणूस अडॅप्टर टाकत नसतो. त्यातला एक नऊ व्होल्टचा निघाला. पिनही बरोबर बसली. चिरंजीव ऑफिसात होते. म्हटले, संध्याकाळी आश्चर्याचा धक्का द्यावा.

धक्का बसला. आधी दिवा लागला नाही, मग वास आला. सौ. आतून म्हणाली, "अहो, काय करपलं?" संध्याकाळी चिरंजीवांनी डबा उलटा करून पाहिला, अडॅप्टर पाहिला आणि एवढेच म्हणाले, "राहू दे, बाबा."

ओरडले असते तर बरे झाले असते. "राहू दे" ऐकल्यावर रात्री झोप येत नाही.

शनिवारी करपलेला डबा पिशवीत घालून मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने विचारले, "काका, सेंटर निगेटिव्ह पायजे का पॉझिटिव्ह?"

"माणसानं नेहमी पॉझिटिव्ह असावं, असं ऐकत आलोय."

"म्हणूनच जळलंय," तो म्हणाला.

मग त्याने धडा दिला. बाकीच्या बहुतेक यंत्रांत पिनेच्या आत अधिक आणि बाहेर उणे असते. गिटारच्या पेडलांत उलटे, आत उणे. त्यालाही कारण आहे. पिन खुपसली की आतली बॅटरी आपोआप सुटावी लागते, आणि ती सोडवणारी पट्टी भोकाच्या बाहेरच्या अंगाला असते. म्हणून बाहेर अधिक. व्होल्ट मात्र सांगितले तेवढेच द्यायचे. मिलिअँपिअरची गोष्ट वेगळी. आमच्या डब्यांच्या बुडावरचे आकडे मी लिहून नेले होते: ३०, १५, २०, १२० आणि २५०. बेरीज ४३५. त्याने हजारचा अडॅप्टर पुढे केला.

"एवढी वीज दिली तर उरलेले चार जळायचे!"

"काका, माठात पाणी जास्त असलं म्हणून कोणी जास्त पितं का? डबा लागेल तेवढंच घेतो. कमी असलं तर मात्र भांडणं."

त्याने करपलेला डबाही उघडून दिला. आत एक डायोड जळला होता, बाकी सगळे शाबूत. उलटी वीज आली की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवायचे, एवढ्याचसाठी तो तिथे बसवलेला असतो. अशी माणसे जुन्या घरांतून असायची. नवा डायोड काही रुपयांत बसला.

अडॅप्टरबरोबर त्याने पाच तोंडांची वायर दिली. घरी लावली. पाचही दिवे लागले, मी छाती पुढे काढली, चिरंजीवांनी घसा बसवणारे बटण दाबले, आणि डास पळवायचे यंत्र बंद असताना डासांचा आवाज सुरू झाला. खाली घूं आणि वर चूंईं.

"घूं म्हणजे भिंतीतली पन्नास हर्ट्झची वीज," चिरंजीव म्हणाले. "चूंईं त्या डिजिटल डब्यांची. पाचही जणांची परतीची वाट एकच आहे ना, बाबा. एकाची कुरकुर दुसऱ्यात शिरते, आणि घसा बसवणारा ती मोठी करून सांगतो."

मला एकदम आमची गिरगावातली चाळ दिसली. दहा बाय बाराची खोली, दोघे भाऊ, दोन संसार, एकच मोरी. आईचे वहिनीला, वहिनीचे सौ.ला, आणि मोठे करून सांगायला शेजारच्या काकू. १९८६ साली मी गोडदेवला जागा घेतली तेव्हा माझे वडीलही बरेच दिवस पेपर वाचत होते. पण त्यानंतर आमच्या दोघा भावांत एकदाही भांडण झाले नाही. दर रविवारी एकमेकांकडे जेवायला मात्र होतो.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे आयसोलेटेड नावाचा प्रकार मिळतो. भिंतीतून वीज एकच येते, पण आतल्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक तोंडासाठी वेगळे वेटोळे. ज्याचे त्याचे नऊ व्होल्ट, ज्याची त्याची परतीची वाट. किंमत ऐकून मी खुर्ची मागितली. मग पैसे मीच दिले.

रात्री पाचही डबे जोडले. चिरंजीवांनी बटण दाबले आणि तारांवर हात ठेवून थांबले.

"काही ऐकू येतंय, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. "मीरा रोडच्या त्या जागेचं भाडं किती म्हणालास?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. वाजवले मात्र काहीच नाही. आतल्या खोलीत सौ.चे शिलाई मशीन थांबले. स्वयंपाकघरात फ्रिज तेवढा आपल्या पन्नास हर्ट्झच्या खर्जात गात होता.